पंखातला हुकुमाचा ताबेदार

बिनतारी संदेशांवर उडणारे नमुना-ग्लायडर हातात घेऊन उलटे केले, तर पंखांच्या खालच्या अंगाला काही आयताकृती झाकणे दिसतात. साधारण तीन मीटर पंखविस्ताराच्या स्पर्धेच्या ग्लायडरला अशी चार झाकणे असतात, प्रत्येक पंखाला दोन. झाकणाची जाडी अर्धा ते एक मिलिमीटर. त्याच्या कडा पारदर्शक चिकटपट्टीने पंखाशी अशा मिळवलेल्या असतात, की बोट फिरवले तरी सांधा फारसा जाणवू नये. झाकण काढले की आत जेमतेम दहा मिलिमीटर जाडीची, वीस ग्रॅमच्या आसपास वजनाची एक डबी दिसते. तिच्यातून तीन तारा पंखाच्या मुळाकडे गेलेल्या असतात. तिची छोटी भुजा एका पोलादी दांडीने पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या पट्टीला जोडलेली असते. या डबीला ‘सर्व्हो’ म्हणतात.

जमिनीवर उभा असलेला माणूस हातातल्या प्रेषकाची कांडी किंचित हलवतो आणि दूर आकाशात ती पट्टी नेमक्या तेवढ्याच प्रमाणात हलते. हे आज इतके सोपे वाटते, की त्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. पण ही डबी पंखात जाऊन बसायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वाटेवर काहींनी जीव गमावले, काही शोध लागून विसरले गेले, आणि सर्वांत महत्त्वाची कल्पना तर विमानातून आलीच नाही. ती आली जहाजातून.

वर राहणे आणि वळणे

विमान हवेत वर कसे राहते, हा प्रश्न आपण वर्गात आवर्जून घेतो. ते वळते कसे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. इतिहासातही असेच झाले. इंग्लंडमध्ये सर जॉर्ज केली यांनी १८०४ साली काठीला पतंगासारखा पंख बांधून एक छोटे ग्लायडर उडवले. त्याला हलवता येणारी शेपटी होती. पण ती सोडण्यापूर्वी हाताने लावून ठेवायची. एकदा ग्लायडर हातातून सुटले, की पुढचे सारे वाऱ्याच्या स्वाधीन.

जर्मनीतील अभियंते ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ ते १८९६ या काळात सुमारे दोन हजार वेळा टेकड्यांवरून स्वतः झेप घेतली. त्यांच्या सर्वांत परिचित ग्लायडरचे वजन सुमारे २० किलोग्रॅम होते. त्यात ते हातांच्या आधाराने लोंबकळत आणि ज्या बाजूला वळायचे, त्या बाजूला पाय झोकून आपला गुरुत्वमध्य सरकवत. या पद्धतीत एक मूलभूत अडचण होती. वारा वाढला की पंखावरचे बल झपाट्याने वाढते, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. माणसाच्या पायांचे वजन मात्र वाढत नाही. म्हणजे गरज जितकी मोठी, तितके हे साधन अपुरे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्टोल्न गावाजवळच्या टेकडीवर त्यांचे ग्लायडर झोताने नाक वर करून थबकले. पाय पुढे झोकूनही त्यांना ते सावरता आले नाही. सुमारे १५ मीटर उंचीवरून ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

पिळलेले खोके

या मृत्यूच्या बातमीने अमेरिकेतील डेटन गावच्या दोन सायकल-दुकानदारांचे लक्ष उड्डाणाकडे वेधले. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. सायकल स्वतःहून उभी राहत नाही. स्वार तिला क्षणोक्षणी सावरतो. उडणारे यंत्रही असेच सावरावे लागेल, तेव्हा आधी सावरण्याचे साधन हवे, इंजिन नंतर, असे त्यांनी ठरवले.

१८९९ साली विल्बर यांच्या हातात सायकलच्या ट्यूबचे एक लांबट रिकामे खोके होते. बोलता बोलता त्यांनी ते दोन्ही टोकांना धरून पिळले. एका टोकाची कड वर गेली, दुसऱ्या टोकाची खाली. दोन मजली पंख असाच पिळला तर? एका बाजूच्या पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढेल, दुसऱ्या बाजूचा कमी होईल आणि यंत्र एका अंगावर कलेल. त्याच वर्षी त्यांनी सुमारे दीड मीटर पंखविस्ताराचा पतंग बनवला आणि चार दोऱ्यांनी त्याचे पंख जमिनीवरून पिळून कल्पना पडताळून पाहिली. म्हणजे या शोधाची पहिली चाचणीही जमिनीवर उभ्या असलेल्या माणसानेच, एका नमुन्यावर घेतली होती. संदेश न्यायला लहरींऐवजी दोऱ्या होत्या, इतकेच.

१९०१ सालच्या ग्लायडरने त्यांना चकवले. पंख पिळल्यावर यंत्र कले, पण कधी कधी नाक भलत्याच बाजूला वळे. याचे कारण आज आपण सांगू शकतो. ज्या पंखाची उचल वाढते त्याचा रोधही वाढतो. तो पंख मागे ओढला जातो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला फिरते. १९०२ सालच्या ग्लायडरला त्यांनी हलते सुकाणू बसवले आणि ते पंखांच्या पिळाला जोडून टाकले. पालथे झोपलेला चालक कमरेखालचा पाळणा बाजूला सरकवी आणि पंख व सुकाणू एकदमच हलत. १७ डिसेंबर १९०३ च्या १२ सेकंदांच्या प्रसिद्ध उड्डाणाचा पाया या बिनइंजिनाच्या ग्लायडरवर घातला गेला होता.

विसरलेले पेटंट

पंख पिळायचा तर तो लवचीक हवा, आणि वेग वाढला की लवचीक पंख धोक्याचा ठरतो. त्यावर उपाय म्हणजे पंख ताठ ठेवायचा आणि कडेची फक्त एक पट्टी बिजागरीवर हलवायची. फ्रान्सचे रोबेर एस्नो-पेल्तरी यांनी १९०४ साली ग्लायडरवर अशा हलत्या पट्ट्या वापरून पाहिल्या. पुढे त्यांना ‘एलरॉन’ हे नाव मिळाले. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘छोटा पंख’. नंतर असे लक्षात आले, की मॅथ्यू बोल्टन या इंग्रज गृहस्थांनी अशाच पट्ट्यांचे पेटंट १८६८ सालीच घेतले होते! तेव्हा उडणारे यंत्रच नव्हते, त्यामुळे उत्तराला प्रश्न मिळाला नाही आणि कल्पना कागदावर पडून राहिली.

आता पट्टी तर मिळाली. ती ओढायला चालकाचे हातपाय होते. पण चालक यंत्रात नसेल तर? हुकूम दुरून द्यायचा असेल तर पट्टी कोण ओढणार? आणि ती हवी तेवढीच हलली हे कोण पाहणार?

जहाजाचे सुकाणू

याचे उत्तर आधीच तयार होते, फक्त ते वैमानिकांच्या शेजारच्या गल्लीतले नव्हते. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे सुमारे २११ मीटर लांबीचे अजस्र जहाज. त्याचे सुकाणू हाताने फिरवणे हे अनेक माणसांचे काम. १८६७ साली जॉन मॅकफार्लेन ग्रे यांनी त्यावर वाफेचे सुकाणूयंत्र बसवले. नुसते वाफेचे इंजिन लावून भागण्यासारखे नव्हते. चाक थोडे फिरवले की झडप उघडेल, वाफ येईल आणि सुकाणू फिरू लागेल. पण मग ते थांबणार कधी? ग्रे यांनी अशी जुळणी केली, की इंजिन फिरू लागले की त्याचीच गती ती झडप बंद करू लागे. सुकाणू चाकाने दाखवलेल्या जागी पोचले की झडप पूर्ण बंद. वाऱ्याने किंवा लाटेने सुकाणू हलवले तर झडप पुन्हा उघडे आणि इंजिन ते जागेवर आणे.

याच सुमारास फ्रान्समध्ये जोझेफ फार्को हेही अशी यंत्रे घडवत होते. १८७३ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले आणि या यंत्राला नाव दिले ‘सर्व्हो-मोतर’. लॅटिनमध्ये ‘सर्व्हुस’ म्हणजे दास. धन्याने बोट दाखवावे आणि दासाने ताकद लावावी, पण बोट दाखवले त्याच्या पुढे एक पाऊलही जाऊ नये, असा हा हुकुमाचा ताबेदार.

शिक्षकांना यातील तत्त्व वेगळ्या संदर्भात परिचित आहे. अध्यापनशास्त्रात आपण त्याला ‘प्रत्याभरण’ म्हणतो. शिकवले आणि निघून गेलो, हे झाले एकेरी काम. शिकवले, विद्यार्थ्याला किती समजले ते तपासले, आणि उरलेल्या अंतराइतके पुन्हा शिकवले, हे झाले प्रत्याभरण. सर्व्होही हेच करतो. हुकूम आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक तो मोजतो आणि फरक शून्य होईपर्यंत काम करतो.

रबराचा पीळ आणि पेटीचे सूर

निकोला टेस्ला यांनी १८९८ साली बिनतारी लहरींनी चालणाऱ्या नमुना-बोटीचे पेटंट घेतले. विमानाला मात्र वजनाची अडचण होती. त्या काळचे ग्राहकयंत्र निर्वात नळ्यांचे, आणि त्यांना लागणाऱ्या बॅटऱ्या जड. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली सुमारे अडीच मीटर पंखविस्ताराचे ‘गफ’ नावाचे विमान बिनतारी नियंत्रणाखाली उडवून दाखवले. पुढे ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेले.

त्यानंतर बरीच वर्षे शौकिनांच्या नमुन्यांत सुकाणू हलवायचे ते पिळलेले रबर. विद्युतचुंबक एक खिटी सोडे, रबर उलगडे आणि भुजा पाव फेरा फिरे. घड्याळातील यंत्रणेसारखीच ही व्यवस्था. बटण एकदा दाबले की सुकाणू पूर्ण उजवीकडे, दोनदा दाबले की पूर्ण डावीकडे, सोडले की मध्ये. ‘थोडेसे उजवीकडे’ असा हुकूमच नव्हता. रबराचा पीळ संपला की हुकूम देणेही संपले.

१९५० च्या दशकात दुसरी पद्धत पसरली. ती समजायला आपली बाजाची पेटी उपयोगी पडते. पेटीतील प्रत्येक पत्ती एकाच सुराला थरथरते. ग्राहकयंत्रात अशाच वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पत्त्या बसवत आणि प्रेषकातून वेगवेगळे सूर पाठवत. ज्या पत्तीचा सूर आला ती थरथरे, विद्युतमंडल जोडले जाई आणि तिच्या वाट्याची मोटर फिरे. आता अनेक हुकूम देता येऊ लागले. पण मोटर किती वेळ फिरवायची हे उडवणाऱ्याने बटणावरच्या बोटाने ठरवायचे. ताबेदार आला होता, पण त्याला अजून डोळे नव्हते.

ते डोळे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आले. ट्रान्झिस्टरमुळे वजन घटले होते. अमेरिकेतील डग स्प्रेंग आणि डॉन मॅथेस यांनी स्पंदांच्या भाषेतील प्रमाणशीर नियंत्रण आणि प्रत्याभरण असलेला सर्व्हो नमुना-विमानांत आणला. आजच्या नमुना-विमानांतील सर्व्होचे हे पूर्वज. हुकुमाची भाषा अगदी साधी आहे. सर्व्होला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद मिळतो. त्याची लांबी १.५ मिलिसेकंद असेल तर भुजा मध्ये. १ मिलिसेकंद असेल तर एका टोकाला. २ असेल तर दुसऱ्या टोकाला. डबीत एक छोटी मोटर असते, तिचा वेग कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रे असतात, आणि भुजेच्या आसावर जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तसा बदलता रोधक असतो. भुजा कुठे आहे हे हा रोधक सांगतो. मिळालेला स्पंद आणि रोधकाचे सांगणे जुळेपर्यंत मोटर फिरत राहते. ग्रे यांच्या झडपेचे काम आता काही ग्रॅमचे विद्युतमंडल करू लागले.

सर्व्हो पंखात जातो

सुरुवातीला पंखात सर्व्होला जागाच नव्हती. पंखाच्या मध्यभागी एक सर्व्हो बसवत आणि लांब दांड्या व कोनी भुजांमधून दोन्ही बाजूंचे एलरॉन हलवत. प्रत्येक सांध्यात थोडी ढिलाई असे. तिचा हिशेब विद्यार्थ्यांना सहज करता येईल. समजा तीन सांध्यांत प्रत्येकी ०.१ मिलिमीटर ढिलाई आहे. एकूण झाली ०.३ मिलिमीटर. पट्टीला जोडलेली खुंटी बिजागरीपासून १० मिलिमीटर उंच असेल, तर पट्टी ०.३ भागिले १०, म्हणजे ०.०३ रेडियन, सुमारे १.७ अंश स्वैर हलेल. पट्टी ५० मिलिमीटर रुंद असेल तर तिची मागची कड दीड मिलिमीटर हेलकावे खाईल.

दीड मिलिमीटरने काय बिघडते? वेग वाढला की अशी सैल पट्टी फडफडू लागते. पट्टीची फडफड पंखाला पिळते, पंखाचा पीळ पट्टीला आणखी हलवतो, दोघे मिळून वाऱ्यातून ऊर्जा घेतात आणि पंख काही क्षणांत तुटू शकतो. मोठ्या विमानांनी हा धडा आधीच घेतला होता. १९१६ साली हँडली पेज कंपनीच्या बॉम्बफेकी विमानाच्या शेपटीला जबरदस्त कंप सुटू लागले. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तपास करून दाखवले, की शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकमेकींशी ताठ जोडलेल्या नव्हत्या. त्या एकाच मजबूत नळीने जोडाव्यात, असे त्यांनी सुचवले. पुढे १९२० च्या दशकात फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी पट्टीचे वजन बिजागरीभोवती तोलून ठेवण्याचा उपाय अभ्यासला.

नमुना-ग्लायडरने सर्वांत सरळ उपाय निवडला. हुकूम बजावणाऱ्यालाच पट्टीच्या दारात नेऊन बसवायचे. सर्व्हो लहान आणि पातळ होत गेले तसे प्रत्येक पट्टीला स्वतःचा सर्व्हो मिळाला. लांब दांड्या गेल्या, त्यांच्या जागी बोटभर लांबीची एक ताठ दांडी उरली. मुळापासून पंखापर्यंत आता जोर जात नाही, जाते ती वीज आणि बातमी. वायर ढिली बसली म्हणून पट्टी ढिली होत नाही.

यातून आणखी एक लाभ झाला. १९८० च्या दशकात प्रेषकांमध्ये सूक्ष्मप्रक्रियक आले आणि चारही पट्ट्या स्वतंत्रपणे, पण एका सूत्राने हलवता येऊ लागल्या. राइट बंधूंना चकवणाऱ्या उलट्या वळणावर आता असा तोडगा निघतो, की वर जाणारा एलरॉन जास्त आणि खाली जाणारा कमी हलवायचा. शिवाय सुकाणूही आपोआप त्याच्या जोडीला देता येते. कमरेच्या पाळण्याचे काम प्रेषकातील गणित करते. उतरताना आतल्या दोन पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, जवळजवळ काटकोनात खाली आणि बाहेरचे एलरॉन वर केले, की रोध एकदम वाढतो आणि ग्लायडर ठरलेल्या जागी अलगद टेकवता येते.

झाकण कशासाठी?

आता बसवण्याच्या कृतीकडे पाहू. तिच्यातील प्रत्येक पायरीला वरच्या इतिहासातले कारण आहे. पहिला प्रश्न जागेचा. पंखाची रुंदी २३० मिलिमीटर आणि जाडी तिच्या ८ टक्के धरली, तर सर्वांत जाड ठिकाणी १८.४ मिलिमीटर मिळतात. मागच्या कडेकडे जाडी कमी होत जाते आणि वरखालची कवचे त्यातूनच वजा करायची. म्हणून सर्व्हो दहा मिलिमीटरचा, आणि तोही आडवा निजवलेला.

चिकटवण्यापूर्वी सर्व्होला १.५ मिलिसेकंदांचा स्पंद देऊन मध्यावर आणतात आणि मगच भुजा बसवतात. फ्लॅपला वरपेक्षा खाली खूप जास्त जायचे असते, म्हणून त्याची भुजा मुद्दाम तिरकी लावतात. सर्व्होभोवती तापवल्यावर आकसणारी प्लॅस्टिकची नळी चढवून तो एपॉक्सीने कवचाला चिकटवतात, म्हणजे पुढे बदलायची वेळ आली तर नळी कापून तो सोडवता येतो. काही जण लाकडी वा प्लॅस्टिकची चौकट चिकटवून त्यात सर्व्हो स्क्रूने बसवतात. चौकट ताठ हवी. तीच लवली तर सगळी नेमकेपणाची मेहनत वाया.

शेवटी झाकण. एवढ्याशा खाचेने किंवा उंचवट्याने काय होणार, असे वाटते. येथे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली प्रवाहाच्या अभ्यासातून पुढे आणलेला अंक उपयोगी पडतो. वेग ८ मीटर प्रतिसेकंद आणि पंखाची रुंदी ०.२ मीटर यांचा गुणाकार करून त्याला हवेच्या गतिज विष्यंदितेने, म्हणजे ०.००००१५ ने भागले, तर उत्तर येते सुमारे १ लाख ७ हजार. प्रवासी जेट विमानाच्या पंखासाठी हाच अंक काही कोटी असतो. अंक लहान असला की पंखालगतचा हवेचा पातळ थर नाजूक असतो. तो लवकर पृष्ठभाग सोडतो आणि रोध वाढतो. जर्मनीतील एफ. डब्ल्यू. श्मित्झ यांनी नमुना-विमानांच्या वायुगतिकीवरील आपल्या १९४२ सालच्या ग्रंथात दाखवले, की मोठ्या विमानाला योग्य असा जाड पंख लहान नमुन्यावर वाईट वागू शकतो. १९८९ साली मायकेल सेलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अनेक पंखछेदांची वातबोगद्यात तपासणी करून त्याचे निष्कर्ष छापले. त्यानंतर नमुना-ग्लायडरांसाठी खास पंखछेद आखण्याच्या कामाला वेग आला.

म्हणून खाच पंखाच्या खालच्या बाजूला ठेवतात, झाकण कवचाच्या पातळीत बसवतात, आणि भुजा थोडी बाहेर येत असेल तेथे झाकणाला थेंबाच्या आकाराचा फुगवटा देतात. काही ग्लायडरांत तर भुजा, दांडी आणि खुंटी ही सगळी पंखाच्या पोटातच राहतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

एन.सी.सी.च्या हवाई शाखेत नमुना-विमाने बनवणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. पण ज्या शाळेत ती सोय नाही तेथेही या विषयातील गाभा समजावता येतो. टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्याची दोन्ही टोके उघडून ते पिळायला द्यावे. राइट बंधूंचा पंख विद्यार्थ्यांच्या हातात येतो. कागदी विमानाच्या एका पंखाची मागची कड वर आणि दुसऱ्याची खाली दुमडून ते कोणत्या अंगावर कलते, याचा आधी अंदाज घ्यावा आणि मग उडवून पाहावे.

प्रत्याभरणासाठी एक सोपा खेळ आहे. फळ्यावर मोठा कोनमापक काढावा. एका विद्यार्थ्याने डोळे मिटून त्याच्या मध्यावर पट्टी धरावी आणि सांगितलेल्या कोनावर न्यावी. पहिल्या फेरीत कोणी काही बोलायचे नाही. दुसऱ्या फेरीत दुसऱ्याने ‘अजून’, ‘मागे’, ‘बस्स’ एवढेच सांगावे. दोन्ही फेऱ्यांतील चूक अंशांत लिहून घ्यावी. मग बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबून बोलायला सांगावे आणि पट्टी जलद हलवायला लावावी. पट्टी हव्या त्या कोनाच्या पुढेमागे झोके घेऊ लागली, की उशिरा मिळालेल्या प्रत्याभरणाने काय होते हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.